पूर्वजांचा शोध आणि घरचें माणूस

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत एक निराळीच धांवपळ सुरू होते. मुलगा किंवा मुलगी उत्तीर्ण झाल्याचा आनंद घरांत एखादा दिवस टिकतो न टिकतो, तोंच जातीच्या दाखल्याची चिंता दारांत येऊन उभी राहते. दाखला पाहिजे तर पुरावा पाहिजे, आणि पुरावाहि साधासुधा नव्हे. आपलें घराणें अनुसूचित जमातीच्या उमेदवारानें ६ सप्टेंबर १९५० च्या पूर्वीं, अनुसूचित जातीच्या उमेदवारानें १० ऑगस्ट १९५० च्या पूर्वीं, विमुक्त व भटक्या जमातीच्या उमेदवारानें २१ नोव्हेंबर १९६१ च्या पूर्वीं, आणि इतर मागासवर्गीय उमेदवारानें १३ ऑक्टोबर १९६७ च्या पूर्वीं या राज्यांत राहत होतें, हें कागदानें दाखवावें लागतें. ज्याला अजून मिसरूड फुटलें नाहीं अशा मुलानें आपल्या पणजोबांचा कागद आणून दाखवावा, असा हा प्रसंग आहे.

हा कागद कोठें सांपडतो? जुन्या प्राथमिक शाळेच्या प्रवेश-निर्गम वहींत, जन्ममृत्यूच्या नोंदी असलेल्या गांवनमुना चौदांत, ज्यास लोक अद्यापि कोतवाल-बुक म्हणतात, किंवा जमिनीच्या फेरफारांत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील यांपैकीं पुष्कळ नोंदी मोडी लिपींत आहेत, आणि मोडी वाचणारा मनुष्य आज गांवांत शोधूनहि सांपडत नाहीं. शिवाय नांवांचा घोळ निराळाच. बुधवारीं जन्मला म्हणून बुध्या, सोमवारीं जन्मला म्हणून सोम्या. एका कागदावर बुध्या तर दुसऱ्या कागदावर बुधाजी. हे दोघे एकच, आणि त्यांचा पणतू म्हणजे दारांत उभा असलेला हा मुलगा, हें जुळविण्यासाठीं वंशावळ मांडावी लागते. कातकरी बांधवांची अडचण तर याहून बिकट. दिवाळी झाली कीं कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परत येतात; भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद कोण करणार? वय विचारलें तर, भातसा धरणाचें काम चाललें होतें तेव्हां मी एवढा होतों, असें म्हणून म्हातारा जमिनीपासून हातभर उंची दाखवितो.

अशा वेळीं कांहीं माणसें मोबदला न घेतां लोकांच्या उपयोगीं पडतात. कोणी निवृत्त तलाठी, कोणी शिक्षक, कोणी मोडीचा वर्ग पुरा केलेला तरुण. तीं कचेरींत बरोबर जातात, जुनीं पानें वाचतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांस विचारून पिढ्या जुळवितात. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं राज्य शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, तेव्हां मोडी जाणणारांची वाण किती मोठी आहे हें साऱ्या महाराष्ट्रास कळून आलें. अशा वंशसेवकांपैकींच मी एक आहें. आणि या सेवेविषयीं, तिच्या थोरवीविषयीं व तिच्या एका धोक्याविषयीं, विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं दोन शब्द बोलावे असें मनांत आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं ही सेवा लहान नव्हे. एकदां एका ठाकूरवाडीवरील कुटुंबासाठीं जुन्या वहींतील नोंद मीं मोठ्यानें वाचून दाखविली. घरांतील वृद्ध आजी भिंतीशीं बसली होती. नोंदींतील नांव कानीं पडतांच तिनें चटकन् डोक्यावरून पदर घेतला. तें तिच्या सासऱ्याचें नांव होतें. ज्याला जाऊन पन्नास वर्षें लोटलीं त्याचा मान त्या एका अक्षरओळीनें घरांत परत आला, आणि नातवाच्या शिक्षणाची वाटहि मोकळी झाली. असें पुण्य सर्वांच्या वांट्यास येत नाहीं.

शिवाय हें काम आपल्या परंपरेंत नवीनहि नाहीं. कसारा घाट चढून नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेलेल्या यात्रेकरूस तेथील तीर्थोपाध्याय गांव व आडनांव विचारतात, वही उघडतात, आणि पूर्वीं येऊन गेलेल्या आजोबा-पणजोबांच्या हातची नोंद त्याच्यापुढें ठेवतात. ख्रिस्ती मंडळींत बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या देवळांतून जपून ठेवण्याची रीति आहे. रोमन कॅथॉलिक धर्मसभेनें ट्रेंट येथें १५६३ सालीं विवाहांची नोंद ठेवणें धर्मगुरूंस बंधनकारक केलें. अमेरिकेंतील युटा प्रांतीं मॉर्मन पंथीयांनीं १८९४ सालीं वंशशोधाची संस्था काढली; आज तिच्या कार्याला हातभार लावणारे असंख्य स्वयंसेवक घरबसल्या संगणकावर परक्यांच्या पूर्वजांचीं नांवें उतरून घेतात. गेलेल्या माणसाचें नांव राहावें, ही इच्छा सर्व देशांत व सर्व धर्मांत सारखीच दिसते.

परंतु याच सेवेंत एक खड्डा आहे, आणि त्यांत मी स्वतः पडलों म्हणूनच तो दाखविण्याचा मला अधिकार पोंचतो.

कांहीं वर्षें माझा एकहि रविवार घरीं गेला नाहीं. आज किन्हवलीकडे, उद्यां टोकावड्याकडे, परवां खर्डीकडे; पिशवींत कागद व डोक्यांत नांवें. सणावारीं पानावर बसलों तरी मोबाइलवर कोणी पाठविलेलें मोडीचें छायाचित्र उजव्या हाताशीं असे. घरांत कोणी तक्रार केली तर, लोकांचें काम आहे, असें म्हणून मी मोकळा होत असें. आई वृद्ध होती. ती एके दिवशीं म्हणाली, “अरे, साऱ्या मुलखाचे आजे-पणजे लिहितोस, माझ्या आईचें नांव आहे का रे तुझ्या वहींत?” मीं उत्तर दिलें, “लिहूं कीं आई. पुढच्या रविवारीं निवांत बसूं.” हें उत्तर मीं तिला एकदां नव्हे, अनेकदां दिलें. तो रविवार आला नाहीं. एका पावसाळ्यांत चार दिवसांच्या तापाचें निमित्त होऊन आई गेली.

वर्षश्राद्ध झाल्यावर पुढें पितृपक्ष आला. श्राद्धास बसलों. वडिलांचें, आजोबांचें, पणजोबांचें नांव मीं न अडखळतां सांगितलें. पुढें मातृकुळाची वेळ आली. भटजींनीं विचारलें, “मातामहीचें नांव?” माझ्या हातांतील पळी हातांतच राहिली. परक्यांच्या सात सात पिढ्या ज्याला तोंडपाठ, त्याला आपल्या आईच्या आईचें नांव ठाऊक नव्हतें. माझी मुलगी शेजारीं उभी होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, तुम्हांला ठाऊक नाहीं?” कचेरींतल्या कोणत्याहि साहेबानें मला इतका कठीण प्रश्न विचारला नव्हता.

पुढें मीं पुष्कळ शोध केला. आईचें माहेर भातसेच्या खोऱ्यांतलें. तिकडची वस्ती धरणाच्या पाण्याखालीं गेली व माणसें पांगलीं. मामा पूर्वींच गेले होते. एका दूरच्या नातलगानें सांगितलें कीं त्या बाईला सर्व ‘मोठी आई’ म्हणत. नांव त्यांनाहि ठाऊक नव्हतें. कागदोपत्रीं पाहावें तर जमिनीच्या वंशावळींत बापाखालीं मुलगा आणि मुलाखालीं नातू. बायकांचीं नांवें बहुधा नसतातच. तें नांव ज्या एकाच ठिकाणीं लिहिलेलें होतें तें ठिकाण माझ्या घरांत, माझ्या देवघराजवळच्या खाटेवर, इतकीं वर्षें मजपुढें होतें. आणि मी तें सोडून तालुकाभर हिंडत होतों.

आतां कोणी म्हणेल कीं लोकसेवा करणाऱ्यास घराकडे थोडें दुर्लक्ष करावेंच लागतें; घर काय, कोठें जात नाहीं, पण दाखल्याची मुदत मात्र टळून जाते. हा आक्षेप खोटा नाहीं. मुदत खरीच टळते, आणि तिजबरोबर एखाद्या मुलाचें वर्षहि जातें. अशा प्रसंगीं मध्यरात्रींहि उठून जावें. घरच्यांनींहि तें आनंदानें सोसावें. परंतु मीं प्रामाणिकपणें हिशेब केला तेव्हां असें दिसलें कीं माझ्या रविवारांपैकीं फारच थोडे अशा निकडीचे होते. पुष्कळसे रविवार मी गेलों तो दारोदार होणाऱ्या स्वागतासाठीं, ‘गुरुजी आले’ या दोन शब्दांसाठीं. आणि घर कोठें जात नाहीं, हें म्हणणें तर सर्वस्वीं चुकीचें. दप्तरखान्यांतलें पान आणखी दहा वर्षें टिकेल. घरांतली म्हातारी टिकेलच असें नाहीं. ज्याला खरोखर जुन्या आठवणींची कळकळ आहे त्यानें अगोदर कोठें धांवावें, हें एवढ्यावरून उघड होतें.

दुसरा आक्षेप धर्माचा. ही सेवा परमेश्वराची सेवा आहे, मग ती घरापेक्षां वरचढ नव्हे काय? याचें उत्तर धर्मानेंच दिलेलें आहे. आपल्या महाराष्ट्राचें दैवत पंढरीस विटेवर कां उभें आहे, हें आपणांपैकीं प्रत्येक मुलास ठाऊक आहे. पुंडलीक आईबापांचे पाय चेपीत होता. दारीं साक्षात् देव आला, तरी त्यानें सेवा न सोडतां एक वीट पुढें सरकविली. देव रागावला नाहीं, उभा राहिला. जेथें देव थांबला तेथें आमच्या कागदांना एक रविवार थांबवत नाहीं काय?

ख्रिस्ती शास्त्राकडे पाहिलें तरी हाच बोध होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीनें झाला आहे; चौदा चौदा पिढ्यांचे तीन भाग करून ती मांडली आहे. त्या काळच्या वंशावळींत सहसा न येणारीं स्त्रियांचीं नांवें, तामार, राहाब, रूथ, तींत आवर्जून आलीं आहेत, आणि त्यांतील कांहीं स्त्रिया तर परक्या कुळांतल्या. म्हणजे वंशशोधाला शास्त्राचा विरोध नाहीं. परंतु पौलानें तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रांत अंत नसलेल्या वंशावळींच्या नादीं न लागण्याची सूचना आहे, आणि त्याच पत्रांत पुढें, जो आपल्या घरच्यांची काळजी घेत नाहीं त्यानें विश्वासच सोडला, अशा अर्थाचा कडक इशाराहि आहे. एकाच पत्रांत या दोन्ही गोष्टी याव्या, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. देवाला वाहिलें असें सांगून आईबापांना द्यावयाचें तें न देणाऱ्यांस येशूनेंहि दोष दिला आहे. तात्पर्य, आपला धर्म कोणताहि असो, घरचें ऋण चुकवून बाहेरची सेवा करणाऱ्यास तो शाबासकी देत नाहीं.

मग या दोहोंचा मेळ बसतो तरी कसा? यासाठीं फार दूर जावयास नको. मुरबाडाहून माळशेजच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट वर चढते. घाटमाथ्यावर सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें सातवाहनांचें लेणें आहे. त्याच्या मागील भिंतीवर राजघराण्याच्या व्यक्तींच्या मूर्ति ओळीनें कोरलेल्या होत्या व प्रत्येकीच्या वर नांव होतें. सिमुक सातवाहन, राणी नागनिका व राजा सातकर्णि, राजकुमार, एक महारठी. आज त्या मूर्ति नाहींत. पायांच्या खुणा काय त्या उरल्या आहेत. पण नांवें अद्यापि वाचतां येतात. आमच्या तालुक्यांत उतरणाऱ्या त्या जुन्या वाटेच्या तोंडाशीं एका कुटुंबाची ही दगडी वंशावळ आहे, आणि तींत राणीचें नांव राजाच्या जोडीनें आहे. बाजूच्या भिंतींवरील ब्राह्मी लेखांत देवतांना वंदन करून त्या घराण्यानें केलेल्या यज्ञांची व दिलेल्या दानांची, गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची, यादी दिली आहे. त्याच लेखांत राणीला घरांत राहून तप करणारी अशा अर्थाचें एक विशेषण लावलें आहे. धर्मासाठीं तिनें घर सोडलें असें लेख म्हणत नाहीं. तिचें तप घरांतलें होतें. पूर्वजांचें स्मरण, धर्म आणि संसार हीं तिन्ही एकाच भिंतीवर शेजारीं शेजारीं कोरलेलीं पाहून मला माझ्या मोकळ्या पडलेल्या रविवारांची लाज वाटली.

अलीकडचीं उदाहरणेंहि आहेत. इतिहासाचार्य राजवाडे (१८६३–१९२६) यांनीं जुन्या कागदांसाठीं गांवोगांव पायपीट केली व ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे बावीस खंड काढले. परंतु ऐन तारुण्यांत पत्नी निवर्तल्यावर त्यांनीं पुन्हां संसार मांडलाच नव्हता. त्यांची योग्यता मोठी. पण संसार मांडून बसलेल्या आम्हां माणसांनीं त्यांच्या फिरतीचें तेवढें अनुकरण करूं नये. आम्हांस अधिक जवळचें उदाहरण मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांचें (१८५८–१९२४). शाळेंत संस्कृत शिकवावें आणि उरल्या वेळांत पटवर्धनी दप्तरांतील मोडी पत्रें लावावीं, असा त्यांचा क्रम होता. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ त्यांनीं छापावयास घेतला, आणि त्यांच्या पश्चात् तें काम त्यांच्या पुत्रानें पुढें चालविलें. ज्या कामाचा घरच्यांस कंटाळा आला असेल तें काम मुलगा हातीं घेईल काय? आणि लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’? १९३४ पासून पुस्तकरूपानें निघालेला हा ग्रंथ मुलानें, देवदत्तांनीं, आईच्या मागें लागून लिहवून घेतला. वडिलांचें चरित्र सिद्ध करण्यासाठीं त्यांनीं आईला आठवणी विचारल्या, आणि मराठींत एक अमोल ग्रंथ झाला. देवदत्तांनीं विचारलें, मी पुढच्या रविवारावर टाकलें. अंतर एवढेंच.

या अनुभवावरून मीं स्वतःसाठीं कांहीं नियम ठरविले आहेत. ते इतरांच्याहि उपयोगीं पडतील असें वाटल्यावरून येथें देतों.

पहिला नियम असा कीं दुसऱ्याची वंशावळ हातीं घेण्यापूर्वीं स्वतःच्या घरची लिहावी, आणि ती लिहितांना बायकांचीं नांवें, त्यांचीं माहेरें व त्यांच्या आयांचीं नांवें प्रथम विचारावीं. कारण कागदांत नसलेलें तेवढेंच सर्वांत लवकर नाहींसें होतें. दुसरा नियम वेळेचा. महिन्यांतून दोन रविवार सेवेचे, दोन घरचे. आणि पानावर बसल्यावर किंवा प्रार्थनेच्या व दिवाबत्तीच्या वेळीं कागद व मोबाइल दोन्ही दूर. तिसरा, जमेल तितकें घरच्यांना बरोबर घ्यावें. हल्लीं माझी मुलगी बरोबर येते. म्हाताऱ्या बाया मजपाशीं जें बोलत नाहींत तें तिच्यापाशीं सहज बोलतात, आणि तिचें अक्षर माझ्याहून चांगलें आहे. चौथा, हें काम एकट्याच्या मुठींत ठेवूं नये. मोडी दोघांचौघांस शिकवावी, म्हणजे एक आजारी असला किंवा घरांत अडला तरी कोणाची मुदत टळत नाहीं.

पांचवा नियम श्रद्धेचा आहे व तो सर्वांत कठीण आहे. कधीं कधीं गरजू मनुष्य हात जोडून म्हणतो, “गुरुजी, मधली एकच पिढी जुळवून द्या.” त्याची अडचण खरी असते, डोळ्यांत पाणी असतें, पण जी पिढी सांपडली नाहीं ती लिहितां येत नाहीं. एक खोटें नांव लिहिलें कीं त्याच्याखालचीं सर्व खरीं नांवें डळमळतात, आणि खऱ्या हक्कदाराच्या तोंडचा घास जातो. प्रार्थना किंवा पूजा किती वेळ केली यापेक्षां अशा क्षणीं लेखणी थांबली कीं नाहीं, यावरून मनुष्याची श्रद्धा ओळखावी, असें माझें मत आहे.

विद्यार्थीमित्रांनो, तुम्हांला अद्याप मोडी येत नाहीं, कचेरींत तुम्हांला कोणी विचारणार नाहीं. तरीहि या सेवेचा पहिला आणि उत्तम भाग तुमच्याच हातीं आहे. येत्या सुट्टींत एक साधी वही घ्या. आजी तांदूळ निवडीत असेल तेव्हां तिच्याजवळ बसा आणि विचारा: आजी, तुझ्या आईचें नांव काय? तुझ्या आजीचें? तूं लहानपणीं कोठल्या विहिरीचें पाणी आणीत होतीस? ती प्रथम हंसेल, मग सांगूं लागेल. पालकहो, मुलांनीं असें विचारलें तर, अभ्यास सोडून हें काय, म्हणून त्यांस रागावूं नका. आणि आपण स्वतःहि आपल्या वडीलधाऱ्यांस विचारावयाचें राहिलें नाहीं ना, हें पाहा.

माझ्या घरच्या वंशावळींत आईच्या नांवाच्या वर एक ओळ मीं कोरी ठेवली आहे. तेथें ‘मोठी आई’ असें लिहून मोकळें होतां आलें असतें, पण तें तिचें नांव नव्हे. माझी मुलगी अजून अधूनमधून त्या ओळीवर बोट ठेवते, आणि आम्ही दोघें भातसेकडच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा पत्ता लागतो का तें पाहतों. ती ओळ बहुधा कोरीच राहील. तुमच्या वहींत तशी ओळ राहूं नये, एवढ्यासाठींच हें लिहिलें.